नकाशातला पांढरा भाग

"अगं, ताप उतरला एकदाचा!" ताई फोनवर म्हणाली, आणि नकाशाबाईच्या हातातलं लाल पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं.

कुणाचा ताप, हे विचारायची गरजच नव्हती. डोंगरावर ताईच्या घरी सध्या दोनच माणसं होती, एक ताई स्वतः आणि दुसरी नकाशाबाईची लेक. ताईला गेल्या कित्येक वर्षांत साधी शिंकसुद्धा आलेली कुणी ऐकली नव्हती.

"भिंगरीला ताप होता? कधीपासून? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"म्हणूनच नाही सांगितलं. तू लगेच सगळं टाकून धावत सुटली असतीस. चांगला सणसणून ताप होता गं, अंग ठणकत होतं, डोळे उघडवत नव्हते. आज सकाळी बघते तर अंग गार. जरा पोट दुखतंय म्हणते, पण पोटात एवढं मूल वागवायचं म्हणजे दुखणारच. आता हस बघू जरा."

नकाशाबाईला हसू आलं नाही. जे ऐकून दुसऱ्या कुठल्याही आईला हायसं वाटलं असतं, ते ऐकून ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "तिला उठू देऊ नकोस," ती कशीबशी म्हणाली, "मी येतेय."

तिचं खरं पद इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीत मावत नसे, म्हणून आरोग्य कार्यालयात सगळे तिला नकाशाबाईच म्हणत. जिल्ह्यात कुठे कुठे डेंग्यूचे रुग्ण निघाले ते भिंतीवरच्या नकाशात लाल रंगानं भरायचं, हे तिचं काम. वर्ष संपलं की जुना नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवायचा आणि नवा कोरा लावायचा. ती नोकरीला लागली तेव्हा बंदराजवळ पेनातून शाई गळल्यासारखा एक ठिपका होता, बस. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, जहाजातून आलाय, जहाजातून जाईल. साहेब बदली होऊन गेले. आजार काही गेला नाही. पुढच्या वर्षी तो गोदामांच्या वस्तीत शिरला, मग नदीकाठानं वर सरकला, बाजारपेठांच्या गावांत जुन्या टायरांत आणि उघड्या टाक्यांत त्यानं बिऱ्हाड केलं, मग हमरस्ता धरून घाटाच्या पायथ्याशी आला. उन्हाळा वाढला तशी माणसं थंड हवेकडे निघतात, तसाच तोही दरवर्षी थोडा थोडा वर चढत होता. फक्त घाटमाथ्यावरचं ते गाव तेवढं पहिल्यापासून पांढरं होतं. सगळ्या गुंडाळ्या उलगडून पाहिल्या तरी वरचा तो कोपरा कोराच.

त्या कोपऱ्यावर नकाशाबाईचा फार जीव होता. एक तर तिथे तिची ताई राहायची. आणि दुसरं म्हणजे, रोज उठून लाल रंग भरणाऱ्या माणसाला कुठेतरी पांढरं दिसलेलं बरं वाटतं.

लेकीला भिंगरी हे नाव घरातच पडलेलं, कारण पोर जन्मल्यापासून एका जागी बसली तर शपथ. शाळेत असताना तिला डेंग्यू होऊन गेला होता. तेव्हा आठवड्याभरात ती उठून पुन्हा भिरभिरायला लागली, आणि घरच्यांनी विषय सोडून दिला. नकाशाबाईनं मात्र सोडला नव्हता. या आजाराचे विषाणू चार जातींचे. एका जातीचा होऊन गेला की तो पुन्हा होत नाही, पण दुसऱ्या जातीचा झाला तर तो पहिल्यापेक्षा वाईट निघू शकतो, अंगानं पहिल्या खेपेला केलेली तयारीच अंगावर उलटते. यंदा बंदराच्या प्रयोगशाळेत निराळीच जात सापडली. भिंगरी पोटुशी होती आणि राहत होती नेमकी बंदरालगतच्या चाळीत. तिचा नवरा तिथेच क्रेन चालवायचा.

नकाशाबाईनं मग लेकीच्या मागे जो तगादा लावला, त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. "लोक हवा बदलायला डोंगरावर जातात," भिंगरी बॅग भरता भरता म्हणाली होती, "मी आईचा नकाशा सांभाळायला चाललेय." जावई म्हणाला होता, "जाऊ दे गं, निदान त्यांना झोप लागेल." आणि खरंच, त्या रात्रीपासून नकाशाबाईला झोप लागायला लागली होती. ताईचा शोभेच्या झाडांचा धंदा होता. घरामागे मोठं काचघर होतं. भिंगरी फोनवर थंडीची कुरकुर करायची तेव्हा नकाशाबाईच म्हणायची, काचघरात जाऊन बसत जा, तिथे ऊब असते.

आता तिनं कपाटातून तपासणीच्या किटांची एक पेटी काढली आणि साहेबांच्या दारात उभी राहिली. साहेब भला माणूस, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, तिथे कुठला डेंग्यू? तुमचाच नकाशा बघा की."

"तेच मी मनाला सांगतेय, साहेब. पण गाडी द्या."

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हाक मारून किल्ली दिली.

घाट चढताना तिच्या जिवाला जरा म्हणून स्वस्थता नव्हती. ताप असतो तेव्हा हा आजार माणसाला लोळवतो, पण दगा देतो तो ताप गेल्यावर. घरचे हुश्श करतात, शेजारी चौकशी करून जातात, आणि आतल्या आत रक्तवाहिन्यांमधून पाणी पाझरत राहतं. पोट दुखतं, हातपाय गार पडतात. माणूस बोलता बोलता मलूल होतो, आणि लोकांना वाटतं अशक्तपणा आलाय. बंदरातल्या दवाखान्यांमधून अशा किती बातम्या तिच्या टेबलावर आल्या होत्या. ताप उतरला म्हणून घरी सोडलं, असं त्यात असायचंच.

'पण तिथे नाहीच,' ती स्वतःला बजावत होती. 'एकाही वर्षी नाही. साधा ताप असेल. थंडीचा.'

"एके काळी या वळणावर काचा वर कराव्या लागायच्या बाई," ड्रायव्हर गप्पांच्या सुरात म्हणाला. "दात वाजायचे. आता बघा, उघडी खिडकी असून घाम येतोय."

नकाशाबाईनं खिडकीची काच वर केली. त्यानं काही होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

ताई फाटकातच उभी होती, मातीनं भरलेले हात कमरेवर. "आलीस? मला वाटलंच. ये, तुझी लेक बघ कशी राणीसारखी बसलीय काचघरात." ती हसत पुढे चालली. नकाशाबाई तिच्या मागून जवळजवळ पळत गेली.

काचघरात दमट ऊब होती. कुंड्यांच्या रांगांमधून माळीणबाई झारी घेऊन फिरत होती, डोक्याला रुमाल आवळून बांधलेला. मधल्या वेताच्या खुर्चीत भिंगरी बसली होती. नुसती बसली होती. मांडीवर हात ठेवून, मागे टेकून, कुठेतरी बघत. आयुष्यात कधी नकाशाबाईनं या पोरीला अशी शांत बसलेली पाहिली नव्हती.

"आई, आलीस पण?" भिंगरी ओठ ओले करत म्हणाली. "बरी आहे गं मी. ताप गेला."

"हात बघू."

हात गार होता, ओलसर गार, या एवढ्या उबेत. नकाशाबाईनं तो दोन्ही हातांत धरला.

"दातातून रक्त आलं का?"

"सकाळी थोडं. ब्रश जोरात लागला असेल." ती थांबली. "आई, पोट खूप दुखतंय. मावशीला मी थोडंच म्हटलं."

खुर्चीशेजारच्या फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत स्वच्छ पाणी आणि पाण्यात बांबूच्या हिरव्यागार कांड्या. शहरातले लोक टेबलावर ठेवतात तशा. नकाशाबाईनं एक बरणी उचलून उजेडात धरली. पाण्यात बारीक काळे दोरे वळवळत वर येत होते आणि खाली जात होते. डासांच्या अळ्या ओळखायला तिला चष्मा लागला नसता.

"या बरण्या कुठून येतात, ताई?"

"कुठून म्हणजे? बंदरावरून. दर आठवड्याला गाडी येते. का गं? छान आहेत ना?"

भिंगरीच्या घोट्यावर एक डास बसला होता. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे, डेंग्यूच्या डासाचे. भर दुपारी, बिनधास्त. नकाशाबाईनं त्याला चापट मारली आणि तळहाताकडे बघण्याचं टाळलं.

"गाडीत घाला हिला," ती ताईला म्हणाली. तिचा आवाज इतका निराळा होता की ताईनं भिंगरीला लगेच आधार देऊन उठवलं आणि स्वतःही गाडीत बसली.

गावचा दवाखाना दोन खोल्यांचा, नीटनेटका. डॉक्टर पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे, गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी भिंगरीला टेबलावर झोपवलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले. "मीच औषध दिलं होतं तिला. हवा बदलली की इथे ताप येतो. सध्या घरोघरी आहे. उतरला ना, आता चार दिवस सूप घ्यायचं, झोपायचं."

"डॉक्टर, हा डेंग्यू आहे."

ते हसले, दुखावणारं नव्हे, समजावणारं हसू. "बाई, मी इथे अर्धं आयुष्य काढलंय. डेंग्यू इथे होत नाही. हे बघा, मी माझ्या मनानं नाही सांगत." त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर तिचाच नकाशा होता. कार्यालयानं सगळ्या दवाखान्यांना छापून पाठवलेला, खाली कोपऱ्यात तिची सही. बंदर लाल, नदीकाठ लाल, घाटाचा पायथा लाल. आणि वर, डॉक्टरांच्या बोटाखाली, पांढरं.

क्षणभर तिला त्यांचं खरं मानावंसं वाटलं. मनापासून वाटलं. किती सोपं झालं असतं. लेकीला घरी नेऊन गादीवर झोपवायचं, उशाशी बसायचं.

"तुम्ही किती जणांची तपासणी केलीत?" तिनं विचारलं.

"कसली?"

"डेंग्यूची. या वर्षी, गेल्या वर्षी. कधीही."

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "कशानं करू? किट कुठे आहेत माझ्याकडे? दरवर्षी मागतो. तुमच्या कार्यालयाचं उत्तर ठरलेलं, जिथे गेल्या वर्षी रुग्ण निघाले त्यांना आधी. माझ्याकडे रुग्ण निघालेले नाहीत, म्हणून किट नाहीत."

ते उत्तर नकाशाबाईनंच लिहिलेलं होतं. किटांच्या पेट्या वाटायची पद्धत तिनंच बसवली होती, नकाशा बघून, काटकसरीनं, आणि साहेबांनी त्याबद्दल तिचं कौतुकही केलं होतं. जिथे लाल तिथे पेट्या. जिथे पेट्या तिथे तपासणी, आणि जिथे तपासणी तिथेच पुन्हा लाल. या गावात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. कोरं होतं ते न पाहिल्यामुळे, आणि त्या कोरेपणावर भरवसा ठेवून तिनं पोटुशी पोर इथे आणून बसवली होती.

"नकाशा चुकलाय," ती म्हणाली. "मी काढलाय, मी सांगते. तुम्ही रक्त घ्या."

तिनं पिशवीतून पेटी काढली. पाकीट डॉक्टरांनीच फोडलं. त्यांनी रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला, आणि दोघंही वाकून बघत राहिले, गुन्हेगार निकालाची वाट बघतात तसे. पहिली रेघ उमटली, ती तर उमटायचीच, पट्टी चालतेय एवढंच ती सांगते. मग तिच्या खाली दुसरी, डेंग्यूची रेघ उमटली आणि बघता बघता गडद होत गेली.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. नंतर एकदम उठले, रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि सलाईनची सुई शोधायला लागले. सुई लावता लावता ते हळू आवाजात बोलत होते, तिच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "बेकरीवाल्याची बायको गेली पंधरवड्यापूर्वी. चांगली धडधाकट बाई. ताप उतरला म्हणून मीच तिला म्हटलं, आता कामाला लाग. दुसऱ्या दिवशी गेली. मी हृदय बंद पडलं असं लिहिलं."

भिंगरीनं डोळे उघडले. "आई, बाळ हलत नाहीये गं. मघापासून."

"खाली न्या," डॉक्टर म्हणाले. "बंदराच्या मोठ्या दवाखान्यात. इथे रक्त नाही, काहीच नाही. माझी नर्स घेऊन जा बरोबर. पळा."

नकाशाबाईनं ताईला दवाखान्याच्या दारातच चार वाक्यांत सगळं सांगितलं. ताप उतरला याचा अर्थ काय, हात गार पडले याचा अर्थ काय, बरण्या उलट्या कर, सगळ्या कर. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती लगेच घराकडे वळली.

गाडी घाट उतरायला लागली. मागच्या सीटवर भिंगरीचं डोकं आईच्या मांडीवर, नर्सच्या हातात उंच धरलेली बाटली. दर वळणाला नकाशाबाईच्या डोळ्यांसमोर नकाशा येत होता. आता पायथा, आता पेठेचं गाव, आता नदी. ज्या लाल रंगापासून लेकीला लांब नेण्यासाठी तिनं जिवाचं रान केलं, त्याच लाल रंगात ती गाडी जोरात हाकायला सांगत होती, कारण तिथल्या माणसांना हा आजार माहीत होता. "भिंगरे, बोल माझ्याशी," ती म्हणत राहिली. "काहीही बोल. मला शिव्या दे."

"नकाशा," भिंगरी पुटपुटली. "तुझा नकाशा सांभाळायला..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. नकाशाबाईनं तिचे गार हात आपल्या पदराखाली घेतले आणि चोळत राहिली. ड्रायव्हर गाडी पळवत होता.

मोठ्या दवाखान्याच्या दारात एक जाडजूड नर्स उभी होती. तिनं स्ट्रेचरवरच्या भिंगरीकडे पाहिलं, तिचं नख दाबून पाहिलं, आणि मागे वळून ओरडली, "ताप उतरलेली आहे, आत घ्या, आधी हिला घ्या!" कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कागद नंतर, नाव नंतर. पडदा सरकला आणि नकाशाबाई बाहेर राहिली. जावई धावत आला तेव्हा ती बाकावर बसली होती आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो शेजारी बसला, ग्रीसनं माखलेले हात गुडघ्यांवर ठेवून. त्यानं एक शब्द जरी रागाचा काढला असता तर बरं वाटलं असतं तिला.

उन्हं कलली तेव्हा आतून बोलावणं आलं. भिंगरीच्या दोन्ही हातांना सुया होत्या. पोटावर एक यंत्र धरून तरुण डॉक्टरीण कान देऊन ऐकत होती. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून घोड्यांच्या टापांसारखा भरभर आवाज यायला लागला, टपटप, टपटप. जावयानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीण म्हणाली. "पण अजून मी काही कबूल करणार नाही. उद्याचा दिवस जाऊ दे."

नकाशाबाई स्टूल ओढून लेकीचा हात धरून बसली. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. तिच्या आवाजात हसण्याचा मागमूस नव्हता, ती धापा टाकत होती, रस्त्यावरून चालत असावी.

"कशी आहे ती?"

"आहे. बाळाचे ठोके ऐकू आले."

ताईनं सुटकेचा श्वास टाकला, पण तो अर्ध्यातच अडकला. "ऐक. मी बरण्या पालथ्या केल्या. मग माळीणबाई दिसेना म्हणून तिच्या घरी गेले. तिचा ताप सकाळीच उतरला होता, तशीच कामावर आली होती बघ रुमाल बांधून. आता पडून आहे. नवरा म्हणतो, दमलीय. मी हात लावून बघितला गं. गार आहे. डॉक्टरांना आणलंय तिथे, ते बसलेत तिच्याजवळ. पण शेजारच्या घरातली मुलगी, तिचा काल उतरला. समोरच्या दोघा भावांचा आज दुपारी. सगळे खूश आहेत. मला आत बोलावतायत, चहा घे म्हणतायत." तिचा आवाज फाटला. "मी कुणाकुणाचे हात बघू?"

नकाशाबाईनं लेकीचा हात जास्तच घट्ट धरला. तो अजून पुरता ऊबदार झाला नव्हता.

"सगळ्यांचे," ती म्हणाली. "एकही घर सोडू नकोस. मी गाड्या पाठवते." आणि साहेबांना फोन लावण्यासाठी तिला तो हात सोडावा लागला.